सुटलं का?

आमच्या गावात सकाळी भेटलेला माणूस 'राम राम' म्हणत नाही. तो थेट विचारतो, "सुटलं का?" काय सुटलं, असा उलट प्रश्न करणारा परगावचा समजावा. मागं एकदा गल्लीतली एक सून दवाखान्यात अडली होती. तिचा सासरा रात्रभर बाहेरच्या बाकड्यावर बसून होता. पहाटे शेजाऱ्यानं फोन लावला, "सुटलं का?" रेंज धड नव्हती, म्हातारा गहिवरला, "सुटली बाबा, मुलगा झाला." पलीकडून क्षणभर शांतता, मग आवाज आला, "बरं झालं. पण नळाचं काय?"

लातूरपासून तासाभराच्या अंतरावरचं हे आमचं गाव. नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. आठ दिवसांनी म्हणजे आठव्या दिवशीच, असा अर्थ कुणी घेऊ नये. कधी नवव्या दिवशी, कधी अकराव्या, आणि एकदा तर सलग दोन दिवस आलं तेव्हा लोक घाबरले होते. जलजीवन मिशनमध्ये खेड्याला माणशी रोज 55 लिटरचं माप धरलंय. शहरांचं माप वेगळं, 135 लिटरचं. आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली, तेव्हापासून आम्ही खेड्यात मोडत नाही. शहरात तर कुणी मोजलंच नव्हतं. घरात आम्ही पाच माणसं. खेड्याच्या मापानं आठ दिवसांचे 2200 लिटर होतात. हे गणित मी आठवीच्या वर्गाला घातलं होतं. एका पोरानं उत्तर बरोबर काढलं आणि खाली लिहिलं, 'पण सर, येतंय कुठं?' मी अर्धा मार्क जास्त दिला.

अंगणात दोन हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजाराची टाकी, शिवाय पिंपं, घागरी, कळशा. आईच्या हिशेबात पातेली आणि पुरणाचं तपेलंही धरतात. हौदाच्या तोंडाशी नळासाठी खड्डा आहे. ही आमच्या भागातली खास स्थापत्यकला. जो जितका खाली, त्याला पाणी तितकं आधी. समोरच्या अण्णांनी दोन फूट खणलं म्हणून मी तीन खणले. अण्णांनी चार केले. मी साडेचारावर थांबलो, कारण खाली खडक लागला. अण्णांनी तो फोडला. आता त्यांच्या नळाला तोटी लावायची तर शिडी लागते. गल्लीत नवीन माणूस आला की त्याला वाटतं, इथं काही तरी उत्खनन चाललंय.

या सगळ्यांच्या वर एकच माणूस. वालमन, म्हणजे गल्लोगल्लीचा पाण्याचा वाल सोडणारा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मोटारसायकलला आडवी बांधलेली टी आकाराची लोखंडी चावी घेऊन मामा निघाले की मारुतीरायाच गदा घेऊन निघाल्यासारखं वाटतं. गावात आमदाराला नमस्कार करताना लोक खिशातला एक हात काढतात. मामांना दोन्ही हातांनी. मामांना कुणी चहा पाजला, मामा कुठल्या गल्लीत वळले, मामांचा चेहरा कसा होता, ही आमच्या गावची सकाळची बातमीपत्रं. ती दूधवाला आणतो, सलूनवाला त्यात भर घालतो आणि दुपारी पापडाला जमलेल्या बायका ती दुरुस्त करून देतात. दुरुस्त केलेली बातमी सहसा खरी निघते.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाण्याच्या बाबतीत आमच्या गावात कुणी खरं बोलत नाही. "सुटलं का?" याला ठरलेलं उत्तर आहे, "कुठलं हो, अजून न्हाई." मागं मोटार घरघरत असते, माणूस गुडघ्यापर्यंत भिजलेला असतो, तरी "अजून न्हाई." कारण सुटलं म्हटलं की चार घरांच्या मोटारी चालू होणार आणि आपली धार करंगळीएवढी होणार. मला याची फार चीड होती. शिक्षकी पेशा, त्यात मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडं. मी नेहमी खरं सांगत आलो. त्यामुळं गल्लीत मला मान होता. पाणी मात्र कमी होतं.

गेल्या महिन्यात बायकोच्या भाचीचं लग्न निघालं, उदगीरला, शुक्रवारी दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी. आमचं पाणी गुरुवारी यायचं होतं. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. बुधवारी रात्री दूधवाल्यानं सांगितलं, मेन लाइन कुठं तरी फुटलीय. गुरुवारी नळानं नुसता सुस्कारा टाकला. आमच्या नळाला ती सवय आहे. पाणी येण्याआधी पाच मिनिटं तो फुसफुसतो, खोकतो, मग तांबडं पाणी ओकतो आणि मग कुठं माणसात येतो. पण त्या दिवशी फुसफुसून गप्पच झाला.

शुक्रवारी सकाळी घरात दोन बादल्या आणि एक कळशी शिल्लक. पाच माणसं लग्नाला न्हाऊन-धुऊन निघाली कशी, ते विचारू नका. मी शेवटी होतो. माझ्या वाट्याला आलेल्या पाण्यात संध्या झाली असती, आंघोळ नाही.

दहाला जीप दारात आली. बायको, आई, पोरं आत बसली. मी कुलूप लावत होतो आणि अंगणातून आवाज आला, फुस्स.

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. नळ खोकला. मग तांबडी धार. आई जीपमधून म्हणाली, "सुटलं की रे!" आणि उतरायला लागली. तिला मी परत बसवलं. तिचे गुडघे आणि गच्चीचा जिना यांचं बरं नाही. बायको नवरीची मावशी, ती गेलीच पाहिजे. पोरांना ठेवलं तर पाणी भरण्याऐवजी उडवतील. राहता राहिलो मी, नवरीच्या मावशीचा नवरा. लग्नात माझं काम अक्षता टाकण्याचं, आणि कुणाची अक्षता कुणाला लागली याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

"अहो, पहिल्यांदा प्यायचं भरा," बायकोनं खिडकीतून सूचना सुरू केल्या. "गढूळ जाऊ द्या आधी. तपेलं फडताळावर आहे. आणि हौदातलं वर चढवा, नाही तर लाईट जाईल." जीप वळली तरी तिचा हात बाहेर होता आणि बोटांवर काहीतरी मोजणं चालू होतं.

कोट काढला, पँट वर दुमडली. पिण्याचं भरलं, पिंप भरलं, हौद निम्म्यावर आल्यावर मोटार सुरू केली. मोटार गरगर फिरली, पाणी वर चढेना. हवा धरली होती. आमच्या अर्ध्या एचपीच्या या मोटारीला पाणी ओढायच्या आधी स्वतःला पाणी पाजावं लागतं. बोल्ट काढून दोन तांबे पाजले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लक्षात आलं, फुटबॉल गेला. पाइपच्या खालच्या टोकाला जी झडप असते तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. मुंबईच्या मेव्हण्यानं एकदा फोनवर ऐकलं, 'दाजी हौदात उतरलेत, फुटबॉल अडकलाय.' त्यानं आईला विचारलं, या वयात खेळतात का?

हौदात उतरलो. झडपेत बोराची आठळी अडकली होती. ती हौदात कशी गेली हा तपास संध्याकाळी पोरांकडं करायचं ठरवलं. आठळी काढली, वर आलो, बटण दाबलं. लाईट गेली.

वीस मिनिटांनी आली. मोटारीनं पाणी धरलं, पाइप थरथरला, गच्चीवरच्या टाकीत धो धो आवाज सुरू झाला. त्या आवाजापुढं सनई-चौघडा काहीच नाही. मी जिन्यात टेकलो. बारा वाजून गेले होते. तेवढ्यात उदगीरहून बायकोचा फोन. मागं बँड वाजत होता.

"भरलं का?"

"भरतोय. टाकी चढतीय."

"अहो, गंमत झाली. मामा इथं आहेत."

"कुठले मामा?"

"वालमन मामा! मुलाकडच्या भावकीतले निघाले. पहिल्या पंगतीला बसलेत. मी म्हटलं, आज आमच्याकडं सोडलंत, बरं झालं. तर ते म्हणाले, तुमच्याकडं उद्या आहे. आज वेशीकडच्या गल्लीचा नंबर. चावी भाच्याकडं देऊन आलेत."

मी हौदाकडं पाहिलं. वेशीकडच्या गल्लीचा आणि आमचा वाल एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी आहे. भाच्यानं डावा-उजवा केला होता. म्हणजे पिंपातलं, तपेल्यातलं, हौदातलं हे सगळं पाणी लोकांचं होतं. दोनशे पावलांवर साठेक घरं नळासमोर घागरी मांडून बसली असणार, दहा दिवसांची कोरडी.

"मग काय करू?" मी विचारलं.

"मामा म्हणतात, काही करू नका. भरून घ्या. फक्त कुणाला बोलू नका." मग जरा थांबून ती म्हणाली, "तुमचा मेव्हणा विचारतोय, किती आलं?"

हा दुसरा मेव्हणा, लातूरचा. पाण्याच्या कुठल्याही गप्पांत तो जिंकतो. तुम्ही आठ दिवसांचं सांगा, तो शांतपणे म्हणतो, "आमच्याकडं 2016 च्या एप्रिलात रेल्वेनं पाणी आलं होतं. मिरजेहून. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर." यापुढं काय बोलणार? आज पहिल्यांदा माझ्याकडं त्याच्या तोडीचं काही होतं आणि ते सांगायची सोय नव्हती.

फोन ठेवला आणि फाटक वाजलं. वेशीकडच्या गल्लीतले एक पालक. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, तोच अर्ध्या मार्कवाला. हातात रिकामी कळशी, ती बहुतेक सहज आणली होती.

"सर, तुमच्याकडं सुटलं का?"

एकवीस वर्षं मूल्यशिक्षण शिकवलेला माणूस मी. पँट गुडघ्यापर्यंत, केसांना शेवाळ.

"कुठलं हो," मी म्हणालो. "अजून न्हाई."

त्यांनी कान टवकारले. "मग आवाज कशाचा?"

"घरघंटी चालू आहे."

"वहिनी तर उदगीरला गेल्या ना?"

"मीच दळतोय."

ते माझ्या पायांकडं बघत होते. पायाखाली बारकंसं तळं झालं होतं. "ज्वारी का गहू?" त्यांनी विचारलं.

"ज्वारी."

ते काही बोलले नाहीत. कळशी या हातातून त्या हातात घेतली. तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरली आणि पन्हळीतून पाण्याची धार आम्हा दोघांच्या मधोमध फरशीवर आदळली. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडं.

"सर," ते म्हणाले, "ज्वारी उतू चाललीय."