शंभराची नोट आणि तीस दुकानं

आमच्या घरच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. या वेळी तो काकांनी टाकला आणि त्याखाली लगेच सात जणांनी हात जोडले. मजकूर असा: शंभराची नोट देऊन तुम्ही खानावळीत जेवलात, खानावळवाल्याने तीच धोब्याला दिली, धोब्याने न्हाव्याला. तीस हात फिरली तरी नोट शंभराचीच राहते. हेच पैसे मोबाइलवरून दिले तर बँक दर वेळी तीन रुपये कापते. तीस व्यवहारांत नव्वद रुपये बँकेच्या घशात, तुमच्या हाती दहा. मग शेपूट: रोख फुकट असते, मोबाइलच्या पैशावर सरकारचा डोळा आहे, दोन हजारांच्या वर अठरा टक्के जीएसटी लागतो, नफा अमेरिकेला जातो, आणि नेट गेलं की सगळं ठप्प. सबब, रोखीनेच व्यवहार करा आणि हे दहा जणांना पाठवा.

ग्रुपवर मी गप्प बसले. काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांना हिशेब काय शिकवायचा! पण माझं सदाशिव पेठेत झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, त्यामुळे दिवसभर स्पर्धा परीक्षेची मुलं. दोन रुपयांची झेरॉक्स, पाच रुपयांचं पेन, चाळीस रुपयांचं स्पायरल. दहातली आठ मुलं क्यूआर स्कॅन करतात. तेव्हा या विषयात माझं पोट अडकलेलं आहे.

आधी ते तीन रुपये. यूपीआयने बँक खात्यातून दुकानदाराला पैसे दिले तर दुकानदाराला काहीही कापून जात नाही. ज्याला एमडीआर म्हणतात तो दुकानदाराकडून घ्यायचा आकार यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. कायद्यातच तशी तरतूद आहे, बँकेची मेहेरबानी नव्हे. माझ्या काउंटरवरचा खोका दिवसभर "दोन रुपये प्राप्त झाले" म्हणून ओरडत असतो, आणि रात्री खातं उघडलं की दोनाचे दोनच दिसतात. एक रुपया चौऱ्याण्णव पैसे कधी दिसलेले नाहीत.

मग हे तीन टक्के आले कुठून? हा मजकूर मी इंग्रजीतही वाचलाय. तिथे नोट पन्नास युरोची असते आणि शेवटी पाच युरो उरतात. मूळ गोष्ट कार्डाची आहे. कोणी तरी युरो पुसून रुपये लिहिले, कार्ड पुसून मोबाइल लिहिला आणि टक्का तसाच राहू दिला. क्रेडिट कार्ड मशीनवर घासलं तर आपल्याकडेही दुकानदाराचे दीड-दोन टक्के जातात, हे खरं. यूपीआयला क्रेडिट कार्ड जोडून किंवा वॉलेटमधून मोठी रक्कम दिली तरी काही ठिकाणी आकार लागतो. झेरॉक्सच्या चाळीस रुपयांना त्याचा संबंध नाही.

बरं, तीन टक्के कापतात असं घटकाभर धरून चालू. तरी दहा रुपये उरत नाहीत. दुसऱ्या दुकानदाराला सत्त्याण्णव मिळाले तर पुढची कपात सत्त्याण्णववर होणार, शंभरावर नाही. असं तीस वेळा केलं तर चाळीस रुपये उरतात. आणि त्या तीस हातांत मिळून व्यवहार होतो जवळजवळ दोन हजारांचा. दोन हजारांवर तीन टक्के म्हणजे साठ. गेलेले साठ ते हेच. शंभराची नोट कोणी गिळली नाही, दोन हजारांच्या धंद्यावर आकार लागला. तो जास्त आहे म्हणून भांडा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण जादूचा प्रयोग दाखवल्यासारखं नका सांगू.

रोख फुकट असते, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने गल्ला सांभाळलेला नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ या एका वर्षात नोटा छापायला ६,३७२ कोटी रुपये खर्च केले. तो खर्च काकांच्या खिशातून दिसेल असा जात नाही, एवढंच. एटीएममधून मोफत फेऱ्या संपल्यावर पैसे काढले तर मे २०२५ पासून दर वेळी २३ रुपयांपर्यंत आकार लागतो, वर कर. पाचशे काढायला तेवीस म्हणजे साडेचार टक्क्यांच्या वर! मजकुरातल्या तीन टक्क्यांहून जास्त. करंट खात्यावर ठरावीक मर्यादेपलीकडे रोख भरायला गेलं तर तिथेही आकार असतो.

सुट्ट्यांचं तर विचारूच नका. २०१६ च्या आधी सकाळी दुकान उघडलं की माझं पहिलं काम म्हणजे चिल्लर गोळा करणं. चहावाल्याकडे जा, पानवाल्याकडे जा, देवळाच्या पुजाऱ्याला मस्का लाव. शंभराची नाणी हवीत तर वर चार-पाच रुपये मोजायचे. दोन रुपयांच्या झेरॉक्सला मुलगा पन्नासची नोट काढायचा, मी "सुट्टे द्या" म्हणायचे, तो "नाहीत काकू" म्हणायचा आणि मागे रांग थांबायची. शेवटी मी बरणीत गोळ्या ठेवल्या. एक रुपया परत द्यायचा तर एक गोळी. आता खरं सांगते, ती गोळी मला घाऊकमध्ये पन्नास पैशांच्या आत पडायची. म्हणजे रोखीत कापाकापी होतच होती, फक्त कापणारी मी होते. ती बरणी आता पुसून पेन्सिलींना दिलीये.

जीएसटीबद्दल. दोन हजारांच्या वरच्या यूपीआयवर अठरा टक्के कर ही अफवा एप्रिल २०२५ मध्ये इतकी पसरली की अर्थ मंत्रालयाला खुलासा काढावा लागला. जीएसटी मालावर आणि सेवेवर लागतो, पैसे कशाने दिले यावर नाही. एमडीआर आकारला जात असेल तर त्या आकारावर तो लागतो, आणि इथे आकारच शून्य.

"सरकारचा डोळा" हा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयची जमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या आणि बंगळुरात दुकानांवरचे क्यूआर कोड खाली उतरले. ती भीती आमच्या गल्लीत दोन दिवसांत पोचली. शेजारच्या भाजीवाल्या मावशींनी कोडवर पुठ्ठा लावला आणि मला विचारायला आल्या. त्यांना मी सांगितलं ते असं: मालाची वर्षाची विक्री चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, सेवेला ही मर्यादा वीस लाख. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर विक्री कितीही असो, नोंदणीची सक्ती नाही. आणि मर्यादा एकूण विक्रीची आहे. पुठ्ठा लावून रोख घेतली म्हणून विक्री कमी होत नाही, फक्त लपते. तीही किती लपते? बचत खात्यात वर्षाला दहा लाख किंवा करंट खात्यात पन्नास लाख रोख भरली तर बँक ते आयकर खात्याला आपणहून कळवते.

उलट एक गोष्ट मजकुरात कधीच येत नाही. आयकर कायद्यातल्या एका तरतुदीने (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४४एडी) छोट्या व्यापाऱ्याला वह्या न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो. रोखीच्या विक्रीवर तो आठ टक्के धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर सहा. म्हणजे तेवढ्याच विक्रीवर मोबाइलवाल्याचा करपात्र नफा कमी. हे मला आमच्या सीएंनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, आणि सांगायला त्यांनी तीन वर्षं लावली.

मावशींना दिलेला दुसरा सल्ला: मुलाने गावाहून पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे धंद्याच्या कोडवर घेऊ नका. नोटीस आली तर विक्री कुठली आणि भिशी कुठली हे सांगताना घाम फुटतो. पुठ्ठा आठवड्यात निघाला. तोही माझ्या व्याख्यानाने नव्हे, गिऱ्हाईक पलीकडच्या गाडीवर जायला लागलं होतं म्हणून.

नफा अमेरिकेला जातो, यात अर्धं तथ्य आहे. फोनपेची मालकी मुख्यतः वॉलमार्टकडे, गुगल पे गुगलचं, आणि यूपीआयचे सुमारे ऐंशी टक्के व्यवहार या दोघांवरूनच होतात. एका अ‍ॅपचा वाटा तीस टक्क्यांच्या वर नको असा नियम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या भारतीय संस्थेने केला आणि मग मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत ढकलली. त्यावर बोलायला हवं. पण तुमचे चाळीस रुपये अमेरिका फिरून येत नाहीत. ते एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जातात, मधला रस्ता एनपीसीआयचा, अ‍ॅप म्हणजे नुसती खिडकी. काकांना ती खिडकी नको असेल तर एनपीसीआयचंच भीम वापरावं. पण ते फोनपेच वापरतात, मी पाहिलंय.

नेट गेलं की ठप्प? होय, अगदी बरोबर. १२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. देशभर यूपीआय अडखळलं आणि माझ्या काउंटरवर मुलं फोन हातात धरून ते चाक फिरताना बघत उभी. बहुतेकांच्या खिशात दहाची नोट नव्हती. मी वहीत नावं लिहून उधारी दिली. दोघं सोडून सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत आणून दिले. त्या दिवसापासून गल्ल्यात हजारभराचे सुट्टे कायम असतात, आणि मी काकांनाही म्हणेन की घरात थोडी रोख हवीच. पण "थोडी रोख जवळ असू द्या" आणि "रोखीनेच व्यवहार करा" यांत फरक आहे.

मला या मजकुराचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. दुकानदाराला खरोखर जे टोचतं त्यातलं त्यात काहीच नाही. ओरडणाऱ्या खोक्याचं भाडं महिन्याला शंभराच्या वर जातं आणि ते आपोआप कापलं जातं. यूपीआय फुकट ठेवायचं तर खर्च कोण सोसणार, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी २०२५ मध्ये उघडपणे काढला. सरकारने २०२४-२५ साठी छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांपोटी बँका आणि अ‍ॅपवाल्यांना दीड हजार कोटींचं अनुदान मंजूर केलं. म्हणजे रक्कम करातूनच जाते. उद्या हे अनुदान आटलं तर आकार कोणाच्या माथी, हे विचारा की ग्रुपवर!

आणि खातं गोठणं. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी माझ्या खात्यातून कागदाच्या रिमचे पैसेच जाईनात. बँकेत गेले तर कळलं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर तक्रारीवरून खातं थांबवलंय. कोणाला तरी लुबाडून काढलेले पैसे चार खात्यांतून फिरत एका मुलाकडे आले होते, आणि त्याने माझ्याकडे तीनशे चाळीस रुपयांची स्पायरलं करून घेतली होती. तीनशे चाळीसपायी पूर्ण खातं बंद. वादातली रक्कम तेवढीच अडवावी असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय, पण आमच्या शाखेतल्या साहेबांनी "वरून आलंय" यापलीकडे तोंड उघडलं नाही. बिलाच्या प्रती, दुकानाचा परवाना, त्या पोलीस ठाण्याला ईमेल, मग फोन, मग पुन्हा ईमेल. एकोणीस दिवस गेले. तेवढे दिवस दुकान त्याच गल्ल्यातल्या रोखीवर आणि नवऱ्याच्या खात्याच्या कोडवर चाललं.

आता माझी दोन खाती आहेत. विक्री एकात येते आणि रोज रात्री दुकान बंद करताना मी त्यातलं बहुतेक दुसऱ्यात वळवते, त्यालाही काही कापत नाहीत. हे सगळं ग्रुपवर टाकायला घेतलं होतं. पण लांबलं, आणि तोवर काकांनी गुळवेलीच्या काढ्याचा मजकूर टाकला होता.