दाराचा टब घेण्याआधी एकदा त्यात पाण्याशिवाय बसून बघा

दाराच्या टबांवरच्या एका लेखात म्हटलंय की उंच कड ओलांडावी लागत नाही म्हणून दार असलेला बाथटब वयस्कर माणसांसाठी सर्वात सुरक्षित. कडेचं पटलं, पण वाट बघण्याबद्दल त्यात एक ओळही नाही. अशा टबात आधी आत जायचं, दार लावायचं आणि मगच पाणी सोडायचं. अंघोळ झाली की सगळं पाणी वाहून जाईपर्यंत दार उघडता येत नाही. माझ्या आईला थंडी लगेच बाधते. ओल्या अंगाने, खांद्यावर टॉवेल घेऊन ती पाणी उतरायची वाट बघत बसायची, तेव्हा तिचे गुडघे थरथरायचे. ते बघवत नसे. मधेच चक्कर आली किंवा लघवीची घाई झाली तर काय, हाही विचार करा.

गरम पाण्याचा हिशेबही आधीच मांडा. २०० लिटरचा टब ४० अंशांवर भरायचा, गिझरचं पाणी ६० अंश आणि नळाचं २० अंश असेल, तर निम्मं म्हणजे १०० लिटर गरम पाणी लागतं. २५ लिटरच्या गिझरला ते झेपत नाही.

दार आत उघडणारं असेल तर आत पाय वळवायला जागा उरत नाही. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्यांनी बाहेर उघडणारंच बघावं. ज्यांना सांधेदुखीत कोमट पाण्यात बुडून बसल्याने खरंच आराम पडतो, त्यांनी जरूर विचार करावा. फक्त पडायची भीती असेल तर उंबरा नसलेला सपाट शॉवर, पक्की खुर्ची आणि भिंतीत घट्ट बसवलेले दांडे आधी करून बघा.