पहिला महिना आमच्यातर्फे

रविवारी सकाळी सोसायटीच्या गेटपाशी रंगीत छत्री दिसली, की बायको मला दुधाला पाठवत नाही. छत्रीखाली टाय लावलेला मुलगा असतो आणि तोंडी ठरलेलं वाक्य: "काका, एक महिना इंटरनेट फुकट. नाही आवडलं तर काढून टाका." मी तिथे रमतो नि पिशवीत दूध नासतं, असं तिचं म्हणणं.

मी फक्त शंका विचारतो. राउटरचं काय? "तोही फुकट, काका. फक्त 1,500 डिपॉझिट, परत मिळतं." कुणाला मिळालंय? इथे पोरगा बाटलीतलं पाणी पितो. त्याचा 100 एमबीपीएसचा वेग म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट. फाइल मोजतात त्या मेगाबाइटमध्ये हवे तर 8 ने भागायचं, उरले साडेबारा, हे मीच त्याला शिकवतो. आणि पत्रकातल्या दरावर 18 टक्के जीएसटी वेगळा, तो मुंगीच्या अक्षरात.

खरी गोम ऑटोपेत, म्हणजे दर महिन्याला खात्यातून आपोआप पैसे कापायच्या परवानगीत. "आत्ता फक्त 1 रुपया कटेल, काका." चंचुप्रवेशे मुसळप्रवेश! पुढचे पैसे कापायच्या 24 तास आधी कळवा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मेसेज येतोही, पण कर्ज आणि रमीच्या गर्दीत तो दिसणार कुणाला?

पण ऐकतो कोण? 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, मार्च 2017 पर्यंत डेटा फुकट मिळाला. तेव्हापासून इंटरनेटला पैसे मोजणारा आमच्याकडे बावळट ठरतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी असंच एक कनेक्शन घेतलं. जोडायला माणूस अर्ध्या तासात आला, शिडीसकट. तोडायचं म्हटल्यावर फोनवर बाई सांगू लागली: नवीन कनेक्शनसाठी 1, बिल भरण्यासाठी 2, तक्रारीसाठी 3. बंद करण्यासाठी आकडाच नाही! नानांनी वैतागून 1 दाबला, माणूस तत्काळ बोलला, त्याने साहेबाला जोडून दिलं आणि साहेबाने आणखी एक महिना फुकट दिला. नाना खूश. "बघ, फायदाच झाला की!"

नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या 13 क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना बंदी घातली. घेणं सोपं नि सोडणं महाकठीण, असा 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' त्यातच आहे. मी ती यादी छापून नानांना नेऊन दिली. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर वायफायचा पासवर्ड लिहिला आणि कागद भिंतीला चिकटवून टाकला.