चौदा पोरांचे एकाहत्तर टक्के

ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं का, यावर स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर २०१४ मध्ये सार्वमत झालं आणि ‘नाही’ जिंकलं; त्याबद्दल एक दावा अजून फिरतो. १६-१७ वर्षांच्या ७१ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला ‘हो’ म्हटलं, पासष्टीपुढच्या ७३ टक्क्यांनी ‘नाही’. म्हणजे म्हाताऱ्यांनी नातवंडांचं स्वातंत्र्य बुडवलं, नेत्यांनी थापा मारून ते साधलं आणि तरुणांनी राजकारणाचा नादच सोडला.

आधी ते ७१ टक्के. आकडा जनमत चाचण्या घेणारे ब्रिटिश राजकारणी लॉर्ड अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या मतदानानंतरच्या पाहणीतला. एकूण माणसं दोन हजारांवर, पण १६-१७ वयाची किती? चौदा! दहा ‘हो’वाली, चार ‘नाही’वाली. दहाला चौदाने भागा, आले ७१. त्यातल्या दोघांनी मत बदललं असतं तर तोच आकडा ५७ वर आला असता. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एवढ्याशा शितांवरून पंगत उठवायची नसते. त्याच तक्त्यात पुढची ओळ १८ ते २४ वयाची आहे : ५२ टक्के ‘नाही’. तिचं नाव कोणी काढत नाही.

ज्येष्ठ बहुसंख्येने विरोधात होते, हे मान्य. पण पेन्शन कोणत्या चलनात हातात पडणार, हा सत्तरीतल्या माणसाचा प्रश्न म्हणजे नातवंडांशी दगाबाजी नव्हे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी स्वतंत्र स्कॉटलंडला पौंडात वाटा द्यायला साफ नकार दिला होता. त्यावर स्वातंत्र्याच्या बाजूचे नेते, स्कॉटलंड सरकारचे तेव्हाचे प्रमुख अ‍ॅलेक्स सॅमंड यांचं उत्तर पुष्कळांना पटलं नाही.

थापांचं म्हणाल, तर अर्धं खरं. मतदानाच्या दोन दिवस आधी ‘डेली रेकॉर्ड’ या स्कॉटिश दैनिकाने पहिलं पान जुन्या चर्मपत्रासारखं सजवून छापलं : ‘नाही’ म्हटलं तर स्कॉटलंडला जादा अधिकारांचं वचन, खाली पंतप्रधान कॅमेरन, लेबर पक्षाचे मिलिबँड, लिबरल डेमोक्रॅट्सचे क्लेग या नेत्यांच्या सह्या. निकालाच्या सकाळीच कॅमेरन यांनी त्याला शेपूट जोडलं : इंग्लंडपुरत्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांचा हक्क. लोक चिडले, चिडणारच. पण त्या पानाने निकाल फिरवला म्हणावं, तर त्याच पाहणीत ‘नाही’वाल्यांपैकी ४७ टक्क्यांनी मुख्य कारण चलन, नोकऱ्या, महागाईची जोखीम असं सांगितलं, जादा अधिकारांची आशा २५ टक्क्यांनी. आणि २०१६ च्या कायद्याने पगारावरच्या प्राप्तिकराचे दर ठरवणं एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, हाती आलंही.

राहिला ‘नाद सोडला’. हे तर सपशेल उलट. मतदान ८४.६ टक्के. हरलेल्या एसएनपीचे, म्हणजे स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, सदस्य २५ हजारांच्या आसपास होते, ते सहा महिन्यांत लाखावर गेले. मे २०१५ च्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत पक्षाने स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा घेतल्या. ग्लासगो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकणाऱ्या २० वर्षांच्या मारी ब्लॅकने लेबरचे मातब्बर डग्लस अलेक्झांडर यांना पाडलं. नेत्यांवरचा राग होताच. तो घरात बसून राहिला नाही, एवढंच. पुढे त्या रागाने एसएनपीलाही सोडलं नाही : २०२४ मध्ये ५७ पैकी ९ जागा.