'फनी फेस'ची नायिका ग्रंथपाल नव्हे
१९५७च्या 'फनी फेस' या चित्रपटात छायाचित्रकाराला ग्रंथालयात काम करणारी ऑड्री हेपबर्न सापडते आणि तो तिला मॉडेल बनवतो, अशी माहिती फिरते आहे. ती चुकीची आहे. ऑड्रीने साकारलेली जो स्टॉकटन न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या पुस्तकांच्या दुकानात काम करते. फॅशन मासिकाची मंडळी तिथे घुसून सगळी पुस्तकं अस्ताव्यस्त करून जातात, हा प्रसंग आठवा. संदर्भ ग्रंथपाल आहे ती त्याच वर्षीच्या 'डेस्क सेट'मधली बनी वॉटसन, आणि ती साकारली कॅथरीन हेपबर्नने. आडनाव एक, वर्षही एक, त्यातून घोळ झाला असावा. पण बनीसारख्या तल्लख ग्रंथपालाचं श्रेय दुसरीला जाणं मला खटकतं. 'फनी फेस'मधला छायाचित्रकार डिक एव्हरी मात्र खरोखरच प्रसिद्ध फॅशन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडॉनवर बेतलेला आहे. ॲव्हेडॉन या चित्रपटाचे दृश्य सल्लागारही होते.