आय लव्ह मुंबई, पण उभं राहायचं कुठे?

तुमच्या ताब्यात एखादं अवाढव्य, घामट, कुठे सुरू होतं नि कुठे संपतं याचा पत्ता नसलेलं शहर असेल आणि ते पाहुणे यायच्या आत वर्ल्ड क्लास करून दाखवायचं असेल, तर पुढचं नीट वाचा. सल्ला फुकट आहे. हेच सांगायला कन्सल्टंट कोटीत घेतात आणि वर एक पीपीटी देतात, ज्यात झाडं बारमाही हिरवी आणि फुटपाथवरची सगळी माणसं गोरी, उंच, हातात कॉफी. मुंबईचं शांघाय होणार हे मी २००३-०४ पासून ऐकतेय, एवढ्या वर्षांत जे काही शिकले ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे शहर कसं आहे ते कोणी विचारत नाही, कसं दिसतंय ते बघतात. आणि कुठून बघतात? एअरपोर्टवरून निघालेल्या गाडीच्या काचेतून, नाहीतर ड्रोनवरून. या दोन जागांवरून जे दिसणार नाही त्यावर एक रुपयासुद्धा घालवू नका.

पडदे घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० ची बैठक मुंबईत भरली तेव्हा जोगेश्वरीला हायवेलगतच्या वस्त्या कापडाने झाकल्या होत्या, आठवतंय ना? काय ती कल्पकता. झोपडपट्टीचं पुनर्वसन करायचं म्हणजे सर्व्हे, पात्रता-अपात्रता, दोन गटांच्या दोन सोसायट्या, कोर्ट, भाडं थकवून गायब झालेला बिल्डर, मग परत नवा बिल्डर आणि पहिल्यापासून सर्व्हे. माणूस ट्रान्झिट कॅम्पात म्हातारा होतो. कापड एका रात्रीत लागतं. पाहुणे गेले की घडी करून ठेवा, पुढच्या पाहुण्यांना होईल.

मग लाइट. जे हलत नाही त्याला एलईडी गुंडाळा. खांब, पूल, दुभाजक, झाडं. मुंबईच्या सुशोभीकरणाला तब्बल १,७०० कोटींच्या घरात रकमेची घोषणा झाली होती, तेव्हा कंजूषी नको. झाडांना रात्री अंधार लागतो, पाखरं झोपत नाहीत वगैरे कुरकुर होईल, कोणीतरी हायकोर्टात जाईल, मग झाडांवरच्या माळा उतरवायचं काम निघेल. हरकत नाही, उतरवायचंही टेंडर असतंच.

आता मुख्य सल्ला, लक्ष देऊन ऐका. प्रत्येक नाक्यावर 'आय लव्ह' लावा. आय, मग लाल बदाम, मग त्या उपनगराचं नाव. प्रेम आहे की नाही ते नंतर बघू. आमच्या नाक्यावर हल्लीच लागलं. आणि लावलं कुठे, तर बस स्टॉपच्या जागेवर. म्हणजे आधी तिथे शेड होती, पत्रा गंजलेला, बाकड्याचे दोन पाइप कोणीतरी भंगारात विकलेले, पण डोक्यावर सावली होती आणि टेकायला जागा होती. एका सकाळी शेड गायब. पुढे पत्रे मारून ठेवले, आत काय चाललंय कळेना, सगळ्यांना वाटलं नवीन एसी स्टॉप येतोय, आमच्या शेजारचे काका तर पैजेवर सांगत होते. पत्रे निघाले तर आत बदाम! माणसापेक्षा उंच, रात्री आधी लाल मग निळा मग हिरवा होणारा, खाली ग्रॅनाइटचा चौथरा, बाजूला शोभेचं गवत, तेही प्लॅस्टिकचं, आणि उद्घाटनाची पाटी, जिच्यावर नावं इतकी की सगळे एकदम आले असते तर नाक्यावर मावले नसते. बस स्टॉप कुठे गेला? कोणालाच माहीत नाही. पुढच्या खांबाला तारेने एक पाटी बांधलीय, तिच्यावरचे बसनंबर उन्हाने उडालेत, बस कधी पाटीपाशी थांबते, कधी सिग्नलच्या पलीकडे, कधी ड्रायव्हरला आपण दिसलो तर.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. फिजिओला न्यायचं होतं. रिक्षावाले जवळचं भाडं घेतात का? सोडा. तर आम्ही दोघी भर उन्हात त्या खांबाला धरून उभ्या, बस येईना, आणि शेवटी आई म्हणाली मी जरा टेकते गं, आणि जाऊन त्या बदामाच्या चौथऱ्यावर बसली. बसून मिनिट झालं नसेल, शिट्टी! सिक्युरिटीवाला धावत आला. "ओ मावशी, इथे बसायचं नाय. फक्त फोटो." मी म्हटलं दादा, गुडघे दुखतायत, बस आली की उठतील. तो बिचारा ओशाळला, म्हणाला मॅडम मला वरून सांगितलंय, बसले की ग्रॅनाइट खराब होतं. आणि मग त्याने जो तोडगा सुचवला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "मोबाईल हातात धरा, फोटो काढताय असं दाखवा, मग मी काय बोलणार नाय." म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या बाईला आपल्या नाक्यावर दोन मिनिटं बसायला मिळावं म्हणून मी तिच्यासमोर मोबाईल धरून उभी, आई म्हणतेय काढ लवकर, आणि मागे तो बदाम. सावली द्यायला पैसे नाहीत, बाकड्याचे दोन पाइप बसवायला पैसे नाहीत, बदामाला चोवीस तास गार्ड!

असो. शांत. सल्ले द्यायचेत.

रस्ता काँक्रीटचा करून झाला की त्याच आठवड्यात केबलवाल्यांना बोलवा.

फुटपाथवर खर्च करणार असाल तर असा करा की वरून फोटो छान यावा. नक्षी उठवलेलं काँक्रीट घाला, दगडासारखं दिसतं, पावसात घसरतं. मधून अंधांसाठी पिवळ्या उंचवट्याच्या टाइल्स टाका, नियम आहे ना. त्या कुठे जातात ते बघू नका. आमच्याकडे ती पिवळी रेघ सरळ जाते ती इलेक्ट्रिकच्या डीपी बॉक्सला धडकते आणि बॉक्सच्या पलीकडून परत सुरू होते, म्हणजे पाठीमागून कोणीतरी नकाशा बघून इमानदारीत काम केलंय. फुटपाथ जिथे सुरू होतो तिथे स्टीलचे चकचकीत खांब रोवा, बाईक चढू नये म्हणून. बाईक बाजूने चढतेच, व्हीलचेअर मात्र जात नाही, मुंबईच्या फुटपाथांवरच्या या खांबांची हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली होती. एवढं सगळं करून उरलेल्या रुंदीत मोठाल्या कुंड्या ठेवा. माणसं रस्त्यावरून चालतील, त्यांना सवय आहे.

बिल्डिंगी काचेच्याच हव्यात. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानासमोरच्या त्या १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारती बघा, खिडकी-खिडकीवर छज्जा, गोल बाल्कन्या, कोपऱ्यावरून वारा आत येईल अशी सोय. काय मागासलेपणा! २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं म्हणून आपण काय ते शिकायचं थोडंच असतं. वारसा बोर्ड लावायला असतो. आपण पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून पन्नास मजले काच लावायची, आतला माणूस शिजायला लागला की एसी, एसीचे डबे लपवायला जाळी, जाळीत कबुतरं. खालचे सात-आठ मजले गाड्यांना द्या, त्याला पोडियम म्हणा. माणसांपेक्षा गाड्या आधी राहायला येतात आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला ना दुकान दिसत, ना खिडकी, ना भाजी निवडत बसलेली एखादी बाई. आठ मजले नुसती भिंत. गिरणगावात फिरून या, गिरण्यांच्या चिमण्या गेल्या त्या जागी काय उभं राहिलंय बघा. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जागेतून मोकळी मैदानं आणि म्हाडाची घरं असा मोठा वाटा शहराला मिळणार होता, २००१ मध्ये नियम असा काही वळवला की वाट्याला तुकडे आले. आणि आता तिथेच 'अप्पर वरळी' म्हणून फ्लॅट विकतात. लोअर परळ म्हटलं की कोणाचा तरी बाप गिरणीत होता हे आठवतं ना, रेट पडतो.

नाव बदलणं हा तर हुकमी उपाय. एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरी झाली, २३ जीव गेले. पुढच्या जुलैत स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. नावावर माझा आक्षेप नाही, सुंदर नाव आहे. पण संध्याकाळी सहाला तिथे जाऊन बघा.

पूल बांधताना दोन टोकं जुळतात का हे आधी तपासत बसू नका, उगाच वेळ जातो. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद केला, सव्वा वर्ष अख्खं अंधेरी पूर्व-पश्चिम करायला वळसे घालत होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली तेव्हा कळलं की शेजारचा बर्फीवाला फ्लायओव्हर याला येऊन मिळतच नाही, एक वर, एक खाली. मग जॅक लावून बर्फीवाला उचलला आणि जुलैत जोडला. फीत कापायला एक दिवस वाढून मिळाला, हा फायदा बघा.

मोनोरेल करा. म्हणजे केलीच पाहिजे असं नाही, पण फोटोत भारी दिसते. २०१४ ला आली, देशातली पहिली म्हणून केवढं कौतुक झालं. ऑगस्ट २०२५ च्या पावसात माणसांनी भरलेली गाडी हवेत अडकली, फायर ब्रिगेडने शिड्या लावून लोकांना उतरवलं, आणि सप्टेंबरात सेवा थांबवली. भुयारी मेट्रोचं आचार्य अत्रे चौक स्टेशन १० मे २०२५ ला सुरू झालं आणि २६ मेला आत गुडघाभर चिखलपाणी, पाऊस लवकर आला म्हणे. मुंबईत पाऊस! कोणाला सुचणार?

आणि होर्डिंग. होर्डिंगशिवाय शहराला उठाव नाही. जेवढं मोठं तेवढं शहर श्रीमंत. नियम ४० बाय ४० फुटांचा होता, घाटकोपरला पेट्रोल पंपाच्या डोक्यावर १२० बाय १२० चं उभं राहिलं, देशातलं सगळ्यात मोठं म्हणून विक्रमाच्या पुस्तकात नोंदही झाली. १३ मे २०२४ ला वादळ आलं आणि ते खाली आलं. १७ माणसं. पेट्रोल भरायला थांबलेली, पाऊस आला म्हणून आडोशाला उभी राहिलेली.

नाही, आता नाही जमत मला हे गमतीत लिहायला.

लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? एवढं मोठं पत्र्याचं धूड उभं राहत होतं तेव्हा ते कोणाला दिसलं नव्हतं? ते दिसावं म्हणूनच तर बांधलं होतं. परवानगी कोणाची, जागा कोणाची, जबाबदारी कोणाची, सगळे एकमेकांकडे बोट दाखवत बसले, आणि नंतर दोन महिने शहरभर होर्डिंगं मोजायचं नाटक झालं. आता परत बघा मान वर करून. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर कित्येक वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक सही करणार आणि पैसे सुटणार, त्याच काळात या माळा, हे रंगवलेले पूल, हे बदाम सगळं झालं. विचारायला नगरसेवक नव्हता, वॉर्डात गेलं की साहेब साइटवर, साइटवर गेलं की साहेब मीटिंगला.

आणि फक्त त्यांना नका झोडू. तुम्ही पण. हो, तुम्हीच, जे सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कोस्टल रोडचा ड्रोन व्हिडिओ टाकता, 'दुबईला कशाला जायचं' असं लिहून, वर चार झेंडे आणि नमस्कार. त्याच ग्रुपवर कोणी गटाराचं झाकण उघडंय म्हणून फोटो टाकला की 'प्लीज निगेटिव्हिटी नको'. कोस्टल रोडवरून बस किती जातात आणि चालत समुद्रापर्यंत कुठून जायचं हे विचारलं कधी? ड्रोनवरून माणूस मुंगीएवढा दिसतो आणि तुम्हाला वाटतं आपण ड्रोनवर बसलोय. तुम्ही खाली आहात! खालीच राहणार आहात, गुडघे तुमचेही जाणार आहेत, आणि त्या दिवशी काचेची बिल्डिंग तुम्हाला बसायला बोलावणार नाही.

तुमच्या वॉर्डात सुशोभीकरणाचं पुढचं टेंडर निघेलच. निघालं की ड्रॉइंग मागा. फुटपाथ किती फूट उरणार, सावली कुठे, बाकडं कुठे, बस कुठे थांबणार, मेंटेनन्स कोण करणार आणि किती वर्षं, हे लेखी मागा. तोंडी सांगितलेलं ऐकून घेऊ नका, 'बघतो' म्हणाले तर तिथेच बसून राहा. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात.