लॉर्ड मॉन्बोडोंना शेपटीवरून हसणाऱ्यांसाठी

अठराव्या शतकातल्या एडिंबराबद्दल वाचताना लॉर्ड मॉन्बोडो भेटले की लोक आधी हसतात. 'माणसाला पूर्वी शेपटी होती म्हणणारा जज्ज'! त्यांच्या हयातीतही हसायचेच. मला ते हसणं खटकतं. त्यात या माणसाचं मोठेपण तर झाकलं जातंच, पण खरा दोषही झाकला जातो.

मूळ नाव जेम्स बर्नेट, जन्म १७१४. १७६७ मध्ये ते कोर्ट ऑफ सेशनचे, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे, न्यायाधीश झाले आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे आपल्या जहागिरीचं नाव पदाला जोडलं. १७७३ पासून त्यांनी भाषेच्या उगमावर सहा खंड लिहिले. भाषा जन्मजात नसते, माणूस ती समाजात राहून कमावतो, हे त्यांचं म्हणणं. म्हणूनच ओरांगउटान या वानरालाही त्यांनी माणसांत धरलं. बोलता येत नाही एवढ्यावरून त्याला बाहेर का काढायचं? डार्विनच्या ग्रंथाला तेव्हा ८६ वर्षं अवकाश होता!

बायको लवकर गेली, एकुलता मुलगा आर्थर लहानपणीच गेला. राहिल्या दोन मुली. त्यातली धाकटी एलिझाबेथ एडिंबरात रूपासाठी प्रसिद्ध होती. सेंट जॉन स्ट्रीटवरच्या घरी विद्वानांच्या पंगती उठत, तिथे कवी रॉबर्ट बर्न्सही येई. एडिंबरावरच्या कवितेत त्याने तिचा उल्लेख केलाय. १७९० मध्ये ती क्षयाने गेली तेव्हा पंचविशीचीही नव्हती, आणि बर्न्सने तिच्यावर विलापिका लिहिली. वडिलांना त्रास नको म्हणून थोरल्या मुलीच्या नवऱ्याने तिच्या तसबिरीवर कापड टाकलं. म्हातारबुवांनी तिकडे पाहिलं, 'बरं केलंस' म्हणाले आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस पुढे वाचायला घेतला, असं सांगतात. याला कोरडेपणा म्हणणाऱ्यांशी मी भांडेन.

पण एक गोष्ट मी त्यांना माफ करू शकत नाही. त्यांच्या घरी गोरी (Gory) नावाचा आफ्रिकन नोकर होता. १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार बॉझवेल मॉन्बोडोच्या जहागिरीवर आले, तेव्हा परतीची वाट दाखवायला हाच गोरी सोबत होता. त्याच्या वागण्यात आणि स्थानिकांच्या वागण्यात जवळजवळ फरक नाही, अशी नोंद बॉझवेलने केली आहे. माणूस शिकतो तसा घडतो, या सिद्धांताचा पुरावा रोज मालकाच्या डोळ्यांसमोर वावरत होता.

आणि जमैकात विकत घेऊन स्कॉटलंडला आणलेल्या जोसेफ नाइट या गुलामाचा खटला याच कोर्ट ऑफ सेशनपुढे आला. मालकाचा हक्क टिकतो का, एवढाच प्रश्न. १७७८ मध्ये बहुमताने निकाल नाइटच्या बाजूने लागला, स्कॉटलंडच्या कायद्यात गुलामी बसत नाही असं ठरलं. विरोधात गेलेल्या चौघांत मॉन्बोडो होते. बहुमतातल्या लॉर्ड ऑखिनलेकनी, म्हणजे बॉझवेलच्या वडिलांनी, सांगितलं होतं की रंग आपला नसला तरी तो आपला भाऊ आहे.

हे वाक्य मॉन्बोडोंच्या तोंडून यायला हवं होतं.